पिक्चर कैसी है?

बाबूराव पटेल हे नाव आता चाळिशीच्या आतल्या वाचकाला समजावून सांगावं लागतं. पालघरजवळच्या मासवणचा हा माणूस. १९३५ साली मुंबईत त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढलं आणि पुढची पंचवीस वर्षं हिंदी सिनेमातल्या भल्याभल्यांची झोप उडवली. एखादा चित्रपट डोक्यात गेला की नुसता चित्रपट फाडून त्यांचं भागत नसे. दिग्दर्शकाची अक्कल, नायिकेचा बांधा, निर्मात्याची नियत, सगळं त्याच पानावर निघे. निर्माते त्यांना शिव्याही घालत आणि त्याच अंकाला जाहिरातीही देत. मग बाबूरावांनी स्वतः ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) काढले आणि दोन्ही आपटले, त्यामुळे ज्यांनी त्यांचा मार खाल्ला होता त्यांना जन्मभर पुरेल इतका आनंद झाला. १९६० मध्ये मासिकाचं नाव ‘मदर इंडिया’ झालं, सिनेमा मागे पडला, राजकारण पुढे आलं. आणि १९६७ च्या निवडणुकीत देशातला हा सर्वांत तिखट चित्रपट-समीक्षक जनसंघाच्या तिकिटावर लोकसभेत गेला. मुंबईतून किंवा ठाण्यातून नव्हे, तर मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून. शाजापूर म्हणजे इंदूरहून आग्रा रस्त्याने देवास ओलांडून पुढे शंभरेक किलोमीटरवर, अस्सल माळवा.

शाजापूरच्या शेतकऱ्याने त्यांची परीक्षणं वाचून शिक्का मारला, असं मी अर्थातच म्हणत नाही. पण संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘निवाडा’ असा विषय दिला, मी त्यातून सिनेमाचा निवाडा मागून घेतला, तेव्हा माळवा डोक्यात आला तो या शाजापूरमुळे. मुंबईत समीक्षक पैशाला पासरी भेटतात. परीक्षण जिथे जाऊन पोहोचतं ते दुसरं टोक मात्र तिथून दिसत नाही. ते पाहायचं तर इंदूरच्याही पुढे, महूला जावं असं ठरवलं.

पेटी येईपर्यंत

महू ही छावणी. १८१८ मध्ये इंग्रज-होळकर तहानंतर वसलेली. अजूनही गावाचा निम्मा कारभार लष्करी शिस्तीत आणि निम्मा माळवी सैलपणात चालतो. २००३ पासून कागदोपत्री नाव डॉ. आंबेडकर नगर, रेल्वेच्या पाटीवरही तेच. बोलण्यात मात्र महूच. गावात शिरलं की पत्ता सांगताना कानावर पडतं ते ‘ड्रीमलँड’. ड्रीमलँड चौकातून डावीकडे, ड्रीमलँडच्या अलीकडे. इंदूरलाही हाच प्रकार. रीगल, मधुमिलन, सपना-संगीता: रिक्षावाल्याला ही नावं सांगितली की तो एकदाही मागे वळून बघत नाही. पडद्यांचं पुढे काय झालं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. गावाच्या भूगोलात सिनेमागृहांनी देवळांइतकी जागा पटकावलेली आहे.

या भागात परीक्षण कसं वाचलं जायचं हे समजून घ्यायचं तर आधी धंद्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो, कारण सिनेमाच्या व्यापारात १९४७ अजून उजाडलेलं नाही. वितरणाचे इलाखे आजही संस्थानी काळातलेच. मराठवाडा ‘निजाम’मध्ये मोडतो. विदर्भ ‘सी. पी. बेरार’मध्ये, आणि त्या इलाख्याची पेढ्या-कार्यालयं भुसावळ-अमरावतीकडे. मुंबई-पुण्यापासून गुजरातपर्यंतचा पट्टा ‘बॉम्बे’. आणि माळवा म्हणजे ‘सी. आय.’, सेंट्रल इंडिया. ज्या एजन्सीवरून हे नाव पडलं ती इंग्रजांबरोबर गेली, वितरकांच्या वहीत मात्र ती जिवंत आहे. सी. आय.चं ठाणं इंदूर. मुंबईतला निर्माता इंदूरच्या वितरकाला चित्रपट विकणार, वितरक आगाऊ रक्कम मोजणार, मग तो उज्जैन, रतलाम, देवास, महूच्या टॉकीजवाल्यांशी टक्केवारीवर किंवा ठरावीक भाड्यावर बोलणार.

रिळांच्या काळात प्रिंट थोड्या आणि महाग. आधी त्या मोठ्या शहरांत लागत. तिथे चालून चालून दमल्या की उतरत्या क्रमाने गावागावांत. पत्र्याच्या पेटीतून, एसटीच्या टपावरून, पावसात ताडपत्री टाकून. एका रिळात अकराएक मिनिटांचा चित्रपट, जोडरीळ असलं तर दुप्पट, आणि पूर्ण हिंदी चित्रपटाची पंधरा-सोळा रिळं. एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालवायची असली की मधे सायकलवाला पोऱ्या. पहिल्या टॉकीजमधलं रीळ संपलं की ते गुंडाळून याच्या कॅरिअरवर, आणि दुसऱ्या टॉकीजचा ऑपरेटर दारात उभा. रस्त्यात सायकल पंक्चर झाली की नायिका विहिरीत उडी मारायच्या बेतात अर्धा तास तशीच उभी राहायची आणि प्रेक्षक खुर्च्या वाजवायचे. ही कामं केलेली म्हातारी माणसं महूत अजून भेटतात. त्यांना नटांची नावं नीट आठवत नाहीत, पण कुठल्या चित्रपटाची प्रिंट किती घासलेली आली होती ते तपशिलाने आठवतं. ‘पिक्चर कैसी थी?’ या प्रश्नाला एकाने मला उत्तर दिलं ते प्रिंटबद्दल. तिसऱ्या रिळात जोड होते म्हणाला.

आता यात परीक्षणाची जागा बघा. मुंबईचा इंग्रजी पेपर आणि इंदूरचा हिंदी पेपर चित्रपटाबद्दल लिहून मोकळे व्हायचे तेव्हा महूत तो चित्रपट यायला महिना-दोन महिने अवकाश असे. वाचणाऱ्याने परीक्षण वाचलं, ते विसरला, मग चित्रपट आला. म्हणजे परीक्षण म्हणजे जाहीर सूचना नव्हे, तर दूरच्या गावच्या लग्नाचं वर्णन. महूकर निवाडा घेत तो वेगळ्याच मापाने: इंदूरला किती आठवडे चालली. सिल्व्हर ज्युबिली करून आलेल्या चित्रपटाला कोणी चार शब्द वाईट लिहिले होते की नाही याची चौकशी करायला कोणी जात नसे.

२००५ च्या सुमारास उपग्रहावरून चित्रपट पाठवण्याची व्यवस्था आली, पुढच्या दहा वर्षांत रिळं गेली. आता मुंबई, इंदूर, महू, झाबुआ, सगळ्यांचा शुक्रवार एकच. परीक्षण आणि चित्रपट एकाच सकाळी दारात. वरवर पाहता समीक्षकाला यापेक्षा चांगले दिवस कुठले? आता तर त्याचं ऐकून लोक तिकीट काढतील! झालं उलटंच. पूर्वी आधी येऊनही त्याचं कोणी ऐकत नव्हतं, आता तो यायच्या आत मोबाइलवर मित्राचा आवाज पोहोचलेला असतो. नऊच्या खेळाला बसलेला पोरगा मध्यंतरातच कळवतो: पहिला हाफ ठीक, गाणी बोअर. अकराला हा निवाडा कॉलेजच्या कट्ट्यावर जाहीर.

वितरकाच्या खुर्चीतून

अशा मुलखात जवळपास रोज सिनेमावर लिहून लाखो वाचक बांधून ठेवणारा माणूस निघाला, आणि तो मुळात वितरक होता. जयप्रकाश चौकसे. जन्म १९३९, बऱ्हाणपूरचा. म्हणजे खानदेशाच्या उंबऱ्यावरचा, तापीकाठचा. ‘शायद’ (१९७९) सारख्या चित्रपटाचं लेखन केलं, चित्रपट वितरित केले, राज कपूर आणि सलीम खान यांच्या घरी ऊठबस, आणि ‘दैनिक भास्कर’मध्ये सव्वीस वर्षं ‘परदे के पीछे’ हा स्तंभ. कर्करोगाशी झगडत शेवटपर्यंत लिहीत राहिले. वाचकांचा निरोप घेणारा लेख फेब्रुवारी २०२२ मध्ये छापून आला आणि आठवड्याभरात, २ मार्चला, ते इंदूरमध्ये गेले.

चौकसे यांचे जुने लेख मी इंदूरमध्ये बसून सलग वाचले. एका बैठकीत बरेच वाचले की त्यांचे दोष आधी दिसतात. राज कपूर कुठूनही येतो. अर्थसंकल्पावर लिहायला बसले तरी येतो. तेच किस्से वर्षाआड परततात. ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांच्या चित्रपटांबद्दल हात आखडता. समीक्षकाने सिनेमावाल्यांच्या पंगतीला बसू नये हा नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून मोडलेला होता, आणि हे लपवलंही नव्हतं.

तरीही इंदूरमध्ये ज्याला विचारावं तो त्यांचं नाव काढतो. किराणा दुकानदार, निवृत्त प्राध्यापक, महूच्या स्टेशनवर भेटलेल्या एक शाळाशिक्षिका. त्या बाईंनी तर सांगितलं की त्यांनी वर्षानुवर्षं सिनेमा थिएटरात जाऊन पाहिलेलाच नाही, स्तंभ मात्र चुकवला नाही. याचं कारण मला असं वाटतं की चौकसे तिकीट काढावं की नाही हे सांगायच्या फंदात फारसे पडतच नसत. त्यांनी धंदा केला होता, म्हणून लोक सिनेमा कोणाच्या सांगण्यावरून पाहतात ते त्यांना ठाऊक. समीक्षकाने टाकून दिलेल्या चित्रपटाने एका गावातल्या टॉकीजचं वीजबिल भरलेलं त्यांनी पाहिलेलं होतं. नावाजलेल्या चित्रपटाच्या पेट्या तिसऱ्या दिवशी परत आलेल्याही पाहिल्या होत्या. मग त्यांनी दुसरंच काम हातात घेतलं. एखाद्या फुटकळ चित्रपटातला एक प्रसंग उचलायचा आणि तिथून गांधी, हुंडा, मक्तेदारी, म्हातारपण, कुठेही जायचं. जुन्या नटाच्या मृत्युलेखातून फाळणीपर्यंत. ‘महात्मा गांधी और सिनेमा’ नावाचं त्यांचं पुस्तकच आहे. हे परीक्षण नव्हे असं पुण्यातले आमचे जाणकार म्हणतील, आणि ते बरोबरही असेल. फक्त परीक्षण म्हणून जे छापलं जातं ते महूच्या स्टेशनवर कोणाला आठवत नाही.

इंदूरची दुसरी परंपरा याच्या अगदी उलट स्वभावाची: श्रीराम ताम्रकर. हे ‘नईदुनिया’चे. चौकसे जितके ऐसपैस, तितके ताम्रकर टाचणावर भरवसा ठेवणारे. कुठला चित्रपट कुठल्या वर्षी, संगीत कोणाचं, छायाचित्रण कोणाचं, याची कात्रणं, कार्डं, याद्या. ‘परदे की परियाँ’, ‘सरगम का सफर’ असे ‘नईदुनिया’चे जाडजूड चित्रपट विशेषांक त्यांच्या हातचे, आणि ते घरोघर जपले गेले, आपल्याकडे जुने दिवाळी अंक माळ्यावर जपतात तसे. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी हिंदी सिनेमाच्या कोशाला दिली. २०१४ च्या डिसेंबरात ते गेले. आज बोटाच्या टोकावर सगळं मिळत असताना या कामाची किंमत कळायची नाही. पण दिग्दर्शकाचा आधीचा चित्रपट कोणता हे ठाऊक नसलेला समीक्षक नुसती आपली आवडनिवड छापत असतो, आणि नव्वद सालच्या इंदुरात ती माहिती मिळायचं ठिकाण म्हणजे ताम्रकरांचं टेबल.

याच शहरात तरुण विष्णु खरे ख्रिश्चन कॉलेजात शिकले, इथल्या वर्तमानपत्रात काही काळ नोकरी केली, पुढे हिंदीतले मोठे कवी झाले आणि सिनेमावरही धारदार लिहीत राहिले. एका शहराला एवढं पुष्कळ झालं.

पिगडंबरची तबकडी

इंदूरहून महूकडे येताना राऊ मागे टाकलं की पिगडंबर लागतं. रस्त्याला लागून गोदामं, ढाबे, नव्या वसाहतींचे फलक. इथे सुमन चौरसिया यांनी उभारलेलं लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. लताबाईंचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९, शीख मोहल्ल्यातला, त्यामुळे इंदूरकराला त्या आपल्याच वाटतात. पण संग्रहालय असं म्हटल्यावर जो थाट डोळ्यांपुढे येतो तो इथे नाही. एका माणसाने हजारो तबकड्या जन्मभर जमवल्या, त्याला जागा लागली, ती ही.

७८ची तबकडी हातात घेऊन पाहा. दहा इंची, लाखेची, बशीसारखी ठिसूळ. एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आत गाणं बसवायचं, जास्त झालं तर उलटून दुसऱ्या बाजूला. मधल्या गोल कागदावर चित्रपटाचं नाव, संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव. पण हे शेवटचं नेहमी असेच असं नाही. ‘महल’ (१९४९) मधल्या ज्या गाण्याने लताबाई घराघरांत पोहोचल्या, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव! रेडिओवर गाणं लागे आणि श्रोते पत्रं टाकून विचारत, ही गाते कोण? वर्तमानपत्रातल्या कोणा समीक्षकाने हे विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. कथा, अभिनय, छायाचित्रण यांचा हिशेब मांडून ‘गाणी श्रवणीय’ या दोन शब्दांत तो मोकळा होत असे. आजही होतो.

ती उणीव भरून काढली ती माळव्यातल्याच मंडळींनी. अजातशत्रू या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने ‘नईदुनिया’त ‘गीत-गंगा’ हे सदर चालवलं: एका वेळी एक गाणं, बहुतेकदा पडलेल्या चित्रपटातलं, विसरलेलं. चित्रपट कुठला, सूर कसा लागलाय, कुठल्या शब्दावर आवाज किंचित मागे राहतो, यावर अख्खा लेख. ज्या चित्रपटाची एकही प्रिंट कदाचित उरली नसेल त्यातल्या तीन मिनिटांवर. लताबाईंच्या गाण्यांवरचे त्यांचे लेख ‘बाबा तेरी सोन चिरैया’ या पुस्तकात आले, ते चौरसियांनीच काढलं. तबकडी जपणारा एक आणि तिच्यावर लिहिणारा दुसरा. समीक्षेची अशी जोडगोळी मला मुंबईत दिसलेली नाही.

आणि एक वस्तू सांगायची राहिली. गाण्यांच्या चोपड्या. टॉकीजच्या दारात आण्या-दोन आण्याला विकायच्या. स्वस्त कागद, वर नायक-नायिकेचं चित्र, आत गाणी, आणि सुरुवातीला कथेचा सारांश. बऱ्याच चोपड्यांत हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. सारांश लिहिणारा अनामिक, पण कसबी. नायिका संकटात, नायकावर आळ, खलनायक घोड्यावर, आणि बरोब्बर तिथे थांबून: पुढचं पडद्यावर पाहा. शेवट न फोडता कथा सांगायची कशी, ही आजच्या परीक्षणकर्त्याची रोजची डोकेदुखी त्याने तेव्हाच सोडवून ठेवली होती. तो अर्थात निर्मात्याचा पगारी माणूस होता. चित्रपट वाईट आहे हे सांगायची त्याला मुभा नव्हती.

रसिकांची शाळा

इंदूरच्या मराठी माणसाशी बोलायला लागलं की सिनेमा पाच मिनिटांत संपतो आणि नाटक-गाणं सुरू होतं. इथली ‘सानंद’ ही संस्था मराठी नाटकं आणते. प्रेक्षक इतके, की सभासदांचे पाच गट केलेत आणि एकाच नाटकाचे पाठोपाठ पाच प्रयोग होतात. मुंबईचा नट दोन-तीन दिवसांत पाच प्रयोग करून घसा बसवून परततो. या गटांना नावं आहेत. एक मामा मुझुमदार यांचं, ते गायक. पण एक आहे रामूभैया दाते यांचं, आणि एक राहुल बारपुते यांचं. रामूभैया स्वतः मैफिली गाजवणारे गवई नव्हते. ते ऐकणारे होते. इतकं चांगलं ऐकणारे, की थोर गवई त्यांच्यासमोर गायला मिळावं म्हणून इंदूरला येत, आणि पुलंनी त्यांच्यावर लिहिलं. बारपुते ‘नईदुनिया’चे संपादक, कुमार गंधर्वांचे जिवलग, नाटकात रमलेले, हिंदी पत्रकारितेला वळण लावणारे मराठी गृहस्थ. प्रेक्षकांच्या गटाला ऐकणाऱ्याचं आणि वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याचं नाव द्यावं असं महाराष्ट्रातल्या कुठल्या नाट्यगृहाला सुचलं आहे?

मराठीत सिनेमावरचं गंभीर लेखन वाढलं ते शुक्रवारच्या पानावर नाही, तर अशाच ऐकणाऱ्या-बघणाऱ्यांच्या मंडळांत. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, तिथे सुधीर नांदगावकरांसारख्यांनी जगभरचे चित्रपट दाखवले, ‘वास्तव रूपवाणी’सारखं नियतकालिक चाललं. पुण्यात चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूटच्या रसास्वाद वर्गांनी बँकेतल्या कारकुनापासून डॉक्टरपर्यंत कित्येकांना चित्रपट ‘वाचायला’ लावलं. अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक ज्याने वाचलं त्याला ‘प्यासा’ पुन्हा नव्याने बघावाच लागला. पण ही गंगा विंध्य ओलांडून फारशी आली नाही. मराठी चित्रपट इंदूरला लागतो तो बहुधा अडनिड्या वेळी, थोड्या खेळांसाठी. पुण्यातली मावशी फोनवर सांगते, चांगलाय, बघून घ्या, दोन दिवसांत जाईल. इंदूरच्या मराठी घरातलं चित्रपट-परीक्षण आजमितीला हे एवढंच.

गुरुवारची रात्र

मुंबईत एक चित्रपट परीक्षणापर्यंत कसा पोहोचतो ते इथे सांगून टाकतो, कारण महूतल्या कॉलेजच्या पोरांना ते माझ्या तोंडून ऐकताना गंमत वाटली. निर्मात्याची प्रसिद्धी संस्था बुधवारी किंवा गुरुवारी खास खेळ ठेवते. यादी त्यांची, खुर्च्या त्यांच्या, चहा-सामोसे त्यांचे. अमुक वाजेपर्यंत एक अक्षर छापायचं नाही, अशी अट. आधीचं परीक्षण जिव्हारी लागलेलं असेल तर यादीतून नाव गळतं, तोंडाने कोणी काही बोलत नाही. मग तो समीक्षक शुक्रवारी सकाळी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून दुपारपर्यंत मजकूर देतो, किंवा संपादक म्हणतो राहू दे. पूर्वी हजार शब्दांची जागा होती, आता अडीचशे, आणि वर तारे. वाचक तारे पाहतो. समीक्षकही हे जाणतो, म्हणून वाईट लिहून वर अडीच तारे देण्याची एक तडजोड रूढ झाली आहे. अडीच म्हणजे मी काही म्हणत नाही, तुमचं तुम्ही बघा. प्रेक्षकांत पेरलेली माणसं, निर्मात्यानेच गठ्ठ्याने काढलेली तिकिटं, पैसे देऊन बोलवलेले व्हिडिओ, याची चर्चा व्यापारात उघड चालते. पोरांना त्यातलं काहीच नवं नव्हतं. एकाने विचारलं, मग सामोसे खाऊनही वाईट लिहिणारे कोणी असतात की नाही? असतात, म्हटलं. थोडे.

उलट्या बाजूनेही घायाळ करणं चालतं. चित्रपट न पाहताच झोडपणारे व्हिडिओ, टोळ्या करून दिलेला एक-एक तारा. केरळमध्ये याविरुद्ध प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या मदतीला नेमलेल्या वकिलांनी मार्च २०२४ मध्ये सुचवलं, की प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षण करणाऱ्यांनी थांबावं. त्याच वर्षाच्या शेवटी तमिळ निर्मात्यांनी पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदीच मागितली. मद्रास उच्च न्यायालयाने ती दिली नाही, हे उत्तम झालं. निर्मात्यांचं दुःख खोटं नाही, पण तीन दिवसांत काय ठरतं? १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला तेव्हा नावाजलेल्या समीक्षकांनी त्याला झिडकारलंच, पण व्यापारातल्या अनुभवी लोकांनीही पहिल्या आठवड्यात मान हलवली होती, आणि थिएटरातला प्रेक्षकही गप्पगप्प होता. तिघेही चुकले. त्यांना ४८ तास नव्हे, तीन आठवडे दिले असते तर कदाचित सुधारले असते.

काली पलटण

बाबासाहेबांच्या वडिलांची, सुभेदार रामजी सकपाळांची, नेमणूक महूच्या लष्करी शाळेत होती. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले ती वस्ती म्हणजे काली पलटण. आज तिथे पांढऱ्या घुमटाचं स्मारक आहे आणि तिथे कुठल्याही दिवशी गेलं तरी मराठी कानावर पडते. जयंतीला तर महाराष्ट्रच लोटतो. मी गेलो त्या दुपारी हिंगोली जिल्ह्यातले चार तरुण सावलीत बसले होते, रात्रभर प्रवास करून आलेले. ओळखपाळख झाली, मी कशावर लिहितोय ते सांगितलं, आणि मग मला काही विचारावंच लागलं नाही.

जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ त्यांनी लहानपणी कुठल्यातरी विहारात पाहिलेला. मामुट्टीला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे एकाला पाठ होतं. पण बोलणं रंगलं ते ‘फँड्री’ आणि ‘झुंड’वर. ‘फँड्री’तल्या शेवटच्या दगडावर समीक्षकांनी शाई भरपूर खर्च केली. ही पोरं बोलत होती ती शाळेच्या भिंतीबद्दल. डुक्कर काठीला बांधून घरची माणसं चाललीत आणि मागे भिंतीवर फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब, गाडगेबाबा ओळीने. एकाने सांगितलं, त्यांच्या शाळेला अगदी तशीच भिंत होती आणि तिथेच ते लघवीला जायचे. हे सांगून तो हसला, बाकीचे नाही हसले.

‘झुंड’ (२०२२) आला तेव्हा मी वाचलेल्या परीक्षणांत लांबीवर हमखास एक परिच्छेद होता. जवळजवळ तीन तास, कात्री चालवायला हवी होती वगैरे. खेळाचा चित्रपट म्हणून तो तसा मोजला गेला. या चौघांपैकी कोणी परीक्षण वाचलं नव्हतं. जयंतीच्या मिरवणुकीचा प्रसंग, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे बच्चन, हा त्यांच्या मोबाइलमध्ये साठवलेला होता, तो त्यांनी मला तिथेच लावून दाखवला. हिंदी चित्रपटात अमिताभ बच्चनच्या मागे भिंतीवर कोणाची तसबीर असते हे ज्यांनी जन्मभर पाहिलंय त्यांना तीन तास लांब वाटले नव्हते.

पण भक्तिभावाने बोलत होते म्हणावं तर तेही नाही. सगळ्यांत धाकटा, आयटीआय करणारा, म्हणाला की कोर्टातलं बच्चनचं भाषण त्याला मुळीच आवडलं नाही. इतका वेळ पोरं बोलत होती, मस्त बोलत होती, आणि ऐन मोक्याला मास्तरच उठून त्यांच्या वतीने बोलायला लागला. त्यांनाच बोलू द्यायला पाहिजे होतं.

त्याच्या शेजारचा उसळला. “अरे, बच्चन बोलला म्हणून तर आपल्या गावच्या पाटलाने गप्प बसून ऐकलं.”